काळ्या दगडावरची रेघ

श्रोतेहो, एखाद्याने शब्द दिला आणि तो मोडणार नाही अशी खात्री असली, की आपण म्हणतो, "त्याचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." कधी शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा असे बोलून जातो. बोललेला शब्द किती पक्का, हे सांगायला त्याला उपमा लागते ती मात्र कोरलेल्या रेघेची. माणूस लिहायला शिकला त्याला पाच हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या रेघेने माणसामाणसांतले व्यवहार कसे पालटले, ते आज पाहू. त्यासाठी फार लांब जायचे कारण नाही. आपल्या सह्याद्रीचा दगड काळाच आहे आणि त्याच्यावर दोन हजार वर्षांपूर्वी ओढलेल्या रेघा अजून वाचता येतात.

पण आधी मूळ कुठे, ते बघू. आपल्याला वाटेल, कुणा कवीला गाणे सुचले असेल, कुणा राजाला आपली कीर्ती मागे ठेवायची असेल, म्हणून लिपी निघाली. तसे झालेले दिसत नाही. घरातली बाई दुधाचा रतीब लावते आणि गवळी दूध घालून गेला की भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढते. महिनाअखेर रेघा मोजल्या की वाद मिटला. आजच्या इराकमध्ये युफ्रेटिस नदीच्या खोऱ्यात उरुक नावाचे शहर होते. तिथे इ.स.पू. ३३००च्या सुमारास हेच चालले होते. भिंतीऐवजी ओल्या मातीची वडी आणि कोळशाऐवजी वेताची काडी, एवढाच फरक. कोठारात सातू किती आला, मेंढ्या किती, राबणाऱ्यांना शिधा किती वाटला, असल्या नोंदींनी त्या वड्या भरलेल्या आहेत. माणसाचे डोके आणि त्याच्यापुढे वाडगा काढला की अर्थ झाला 'शिधा'. देवांची स्तोत्रे आणि राजांच्या कथा लिहिल्या गेल्या त्या पुढे कित्येक शतकांनी. चीनमधली सर्वांत जुनी अक्षरे मात्र हिशेबाची नाहीत. इ.स.पू. १२००च्या सुमारास तिथे हाडांवर आणि कासवाच्या पाठीवर पितरांना विचारलेले कौल कोरलेले आहेत. तेव्हा सगळ्या जगाला एकच नियम लावता येत नाही. पण उरुकची वाट आपल्याला समजायला सोपी आहे.

ती वाट अशी. दोघे शेजारी असले, रोज तोंड बघत असले, तर तोंडी व्यवहार चालतो. कोठारात शेकडो माणसांचे धान्य येऊ लागले, देणारा एक, मोजणारा दुसरा आणि वाटणारा तिसरा अशी कामे विभागली, की कुणाच्या स्मरणावर विसंबून भागत नाही. शब्द बोलणाऱ्याच्या तोंडातून सुटून दुसरीकडे कुठेतरी ठेवावा लागतो. लेखनाने केले ते एवढेच. माणसाचा शब्द माणसापासून वेगळा काढला. पुढे जे जे झाले, बरे आणि वाईट, ते सगळे यातून झाले.

आता कुणी विचारील, लिपी नसताना समाज चालत नव्हता काय? उत्तम चालत होता. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथली पांढरी खणली, तेव्हा इ.स.पू. १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. चुली, रांजण, धान्याची पेवे, नदीचे पाणी वळवणारा पाट, सारे काही होते. एक घर इतरांहून मोठे, पाच खोल्यांचे, आणि त्याला लागून धान्याचे कोठार. हे गावच्या मुख्याचे घर असावे असा संशोधकांचा कयास आहे. म्हणजे गावचे धान्य गोळा होत होते, कुणीतरी ते सांभाळत होते. पण लेखनाची खूण तिथे नाही. मुख्याने शब्द दिला की तोच दस्त. तो वारला की त्याच्या मुलाला आठवेल तेवढे खरे.

त्याच्याही आधी सिंधू संस्कृतीची लिपी महाराष्ट्राच्या उंबऱ्यापर्यंत येऊन गेली होती. प्रवरेच्या काठी, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबाद येथे त्या लिपीतल्या खुणा असलेल्या मातीच्या लहान मुद्रा सापडल्या आहेत. ती लिपी आजवर कुणाला निर्विवाद वाचता आलेली नाही. ती नाहीशी झाली आणि माणसे पुन्हा न लिहिता जगू लागली. लेखन हे एकदा आले की कायमचे, असे धरून चालू नये.

आणि स्मरणशक्तीलाही कमी लेखू नये. वेदांचे पाठ हजारो वर्षे तोंडातून कानात आणि कानातून तोंडात, एक स्वर न ढळता, आले. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचे, म्हणजे चूक झाली तर तिथल्या तिथे पकडली जाते. जगात पाठांतराची इतकी काटेकोर व्यवस्था दुसरी क्वचितच असेल. पण तिला गुरू समोर लागतो, शिष्य समोर लागतो, आणि कुणाला शिकवायचे नि कुणाला नाही, हे गुरू ठरवतो. दगडावर कोरलेले अक्षर वाटसरूची जात विचारत नाही. ते त्याला वाचता मात्र आले पाहिजे, आणि खरी गोम तिथेच आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

महाराष्ट्रात निश्चितपणे वाचता येणारे लेखन मिळते ते सम्राट अशोकाच्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून. मुंबईजवळचे नालासोपारा त्या वेळी मोठे बंदर होते. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तिथे सापडला. नवव्याचा तुकडा १९५६मध्ये जवळच्याच भुईगावाला मिळाला. राजा पाटलीपुत्रात, आज्ञा सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर! राजाचा आवाज जिथवर पोहोचेल तिथवर राज्य, ही मर्यादा गळून पडली. मात्र त्या काळी वाचणारे थोडे, हे अशोकही जाणून होता. कलिंगातल्या आपल्या लेखांत तो अधिकाऱ्यांना सांगतो, की हा मजकूर ठरलेल्या दिवशी लोकांना ऐकवावा, आणि एकटा माणूस असला तरी त्याला ऐकवावा. त्याच्याही फार आधी, इ.स.पू. १७५०च्या सुमारास, बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने आपले कायदे दगडी स्तंभावर कोरवले. तोही म्हणतो, ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने यावे आणि हा लेख वाचवून घेऊन ऐकावा. दोघांनाही ठाऊक होते, की कोरलेले अक्षर सामान्य माणसाच्या कामी यायचे तर कुणाचे तरी तोंड लागते. आकाशवाणीवरून लिहिलेले भाषण वाचून दाखवतात, त्याचा वंश असा जुना आहे.

अशोकानंतर आपल्याकडे सातवाहन आले. जुन्नरकडून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातल्या लेण्यात नागनिका राणीचा मोठा लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गायी, घोडे, हत्ती आणि नाणी दिली, याची ती यादी आहे आणि त्यात आकडे चिन्हांनी कोरलेले आहेत. आपण आज गणितात जे अंक गिरवतो त्यांचे पूर्वज तिथे त्या घाटात बसलेले आहेत. लेख कोरला कुठे, तेही पाहा: देवळात नव्हे, राजवाड्यात नव्हे, तर व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटेने जात त्या वाटेवर. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे हाच हेतू.

राजाराणीचे सोडा. साध्या माणसांची नावे पहिल्यांदा टिकली ती या काळात. कार्ल्याच्या लेण्यावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचे आहे. आपल्या कोल्हापुरातल्या एका बौद्ध स्तूपात मिळालेल्या पेटीवर ब्राह्मी अक्षरांत दोन नावे आहेत: दान बम्हाचे, करवून घेतले धम्मगुत्ताने. बस्स, एवढेच. हा बम्ह कोण, काय करत होता, काही कळत नाही. पण इनामगावच्या त्या मोठ्या घराच्या मालकाचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही आणि या बम्हाचे कळले.

आता नाशिकला चला. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरावर लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही, आणि हे आपण खात्रीने सांगू शकतो ते भिंतीवरच्या लेखांमुळेच. इथे क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त (लेखात उषवदात) याने ४२ या वर्षी केलेली एक ठेव कोरलेली आहे. शिक्षक बंधूंनी तिच्याकडे जरा लक्ष द्यावे, कारण वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे ते गणित आहे.

ऋषभदत्ताने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची पेढीवजा संघटना. एका श्रेणीकडे २,०००, व्याज शेकडा एक. दुसरीकडे १,०००, व्याज शेकडा पाऊण. हे व्याज महिन्याचे. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज खायचे. २,०००च्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. करून बघा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे २०, वर्षाचे २४०. आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे? तेही २४०. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब असा पैशाला पैसा जुळतो!

पण माझे लक्ष वेधते ते पुढचे वाक्य. हे सगळे निगमसभेत, म्हणजे नगरातल्या व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून ऐकवले आणि 'फलकवारा'त, म्हणजे फळ्यांवर नोंदी ठेवणाऱ्या दप्तरात, रीतसर नोंदले, असे लेख सांगतो. म्हणजे तिथे कचेरी होती, दप्तर होते, नोंदणी होती. विणकर मरतील, भिक्षू बदलतील, ऋषभदत्त स्वतः जाईल, तरी व्याज चालू राहील, अशी ही रचना. हातमागावर बसणारे विणकर, आपल्या इचलकरंजीच्या विणकरांचे दूरचे पूर्वजच म्हणा, राजघराण्यातल्या माणसाचा पैसा कायमचा सांभाळतात! तोंडी व्यवहारात हे व्हायचे नाही. तोंडी शब्दाला आयुष्य माणसाएवढे. 'कायमचे' हा शब्द व्यवहारात आणला तो लेखनाने.

ऋषभदत्ताचा सासरा नहपान याचा गौतमीपुत्र सातकर्णीने पराभव केला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६मध्ये नहपानाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,०००हून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. चांदी तीच, वजन तेच, वरची अक्षरे बदलली. राज्य बदलले हे गावोगाव सांगत फिरायला याहून चांगला दवंडीवाला कोणता?

आणि आता मला ज्याचे सर्वांत नवल वाटते ते सांगतो. त्याच नाशिकच्या लेण्यात, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत, गौतमीपुत्राची दोन पत्रे कोरलेली आहेत. पत्रेच म्हणायची, कारण राजाने गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याला, पाठवलेले ते हुकूम आहेत. पहिला हुकूम राज्याच्या १८व्या वर्षीचा, विजयी सैन्याच्या छावणीवरून निघालेला. अमात्य विष्णुपालिताला राजा सांगतो, की अपरकखडी गावातले, आजवर ऋषभदत्ताकडे असलेले शेत आम्ही त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना देत आहोत. क्षेत्र किती? शब्दांत दोनशे निवर्तने आणि पुढे आकड्यात २००. आजही आपण पावतीवर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहितो. खाडाखोड होऊ नये म्हणून. तीच खबरदारी! पुढे सवलती: शिपायांनी त्या शेतात शिरायचे नाही, कुणी मिठासाठी खणायचे नाही, मुलुखाच्या अंमलदारांनी हात घालायचा नाही. शेवटी हुकूम तोंडी झाला, अमात्य शिवगुप्ताने लिहिला, अशी नोंद.

मग सहा वर्षे गेली. २४व्या वर्षी दुसरा हुकूम. विष्णुपालित आता तिथे नाही; अमात्य श्यामक आहे. या खेपेला राजाबरोबर राजमाताही बोलते आहे. आणि त्या लेखात एक वाक्य आहे, जे प्राकृतात असूनही मराठी कानाला भाषांतरावाचून समजावे. कखडी गावात दिलेल्या शेताबद्दल राजा म्हणतो: 'त च खेत न कसते, सो च गामो न वसति.' ते शेत कसले जात नाही, ते गाव वसत नाही. कसणे आणि वसणे, आपलीच क्रियापदे! 'कसेल त्याची जमीन' असे आपण म्हणतो, त्यातला 'कसणे' हा शब्द सातवाहनांच्या दप्तरात होता.

काय झाले असेल? लढाईत गाव उठले असेल, कुळे पळून गेली असतील. लेख त्याचे कारण देत नाही. भिक्षूंच्या हाती शेत होते ते कागदावर, आणि पोटाला काही नाही. राजा कबूल करतो, की दिलेले दान निष्फळ ठरले, आणि त्याच्या बदली नगराच्या शिवेवरचे सरकारी शेत, शंभर निवर्तने, तेही शब्दांत आणि अंकांत, देतो. श्रोतेहो, राजाने आपले दान फुकट गेले हे दगडावर कोरू द्यावे, ही लहान गोष्ट नव्हे. प्रशस्ती कोरणारे राजे शेकड्यांनी आहेत. माझा तर्क असा, की भिक्षूंनी पहिला लेख पुढे करूनच दाद मागितली असणार. तोंडी दान असते तर 'दिले होते, तुम्हाला सांभाळता आले नाही' म्हणून कुणी वाटेला लावले असते. लेख होता म्हणून राजाला स्वतःच्याच शब्दाला बांधून घ्यावे लागले. लिहिलेला शब्द प्रजेला जसा बांधतो तसा राजालाही बांधतो, तो असा.

हा दुसरा हुकूम लिहिला कुणी, तर प्रतिहाररक्षी लोटा हिने. प्रतिहाररक्षी म्हणजे राजद्वारावरची अधिकारी स्त्री. बाईच्या जातीला लिहिणे-वाचणे कशाला, असे म्हणणारे आजोबा अजून एखाद्या गावात असतील, तर त्यांना ही लोटा सांगावी.

आता आपण कोल्हापूरकडे वळू आणि मघाची गोम हातात घेऊ. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सातवाहन काळाची नाणी सापडली. एकावर अक्षरे आहेत: 'वासिठीपुतस विळिवायकुरस'. वासिष्ठीचा मुलगा विळिवायकुर याचे नाणे. नाण्यावर एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड. अक्षरे असताना चित्र कशाला? कारण बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला अक्षरे येत नव्हती. धनुष्यबाण ओळखला की नाणे खरे. एकाच नाण्यावर दोन समाज दिसतात: वाचणारे थोडे आणि बघणारे पुष्कळ.

हजार वर्षांनंतरही तेच. शिलाहारांच्या काळातले भूमिदानाचे लेख आपल्या भागात बरेच मिळतात. शके १०६५, म्हणजे इ.स. ११४३मध्ये, विजयादित्य राजाने चंद्रग्रहणाच्या पर्वावर एका जैन वसतीला पाव निवर्तन शेत आणि बारा हातांचे घर दिले, त्याचा लेख कोल्हापुरात आहे. दान केवढे, तर पाव निवर्तन. पण जमिनीला माप लागले, तारीख लागली, साक्ष लागली. ताम्रपटांच्या शेवटी संस्कृत श्लोक असतात. दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल, अशा अर्थाचे. पण संस्कृत कळणार कुणाला? म्हणून खेड्यापाड्यांत दगडावर वर चंद्रसूर्य आणि खाली गाढवाचे नि बाईचे अभद्र चित्र काढीत. चंद्रसूर्य असेतो हे दान चालेल, आणि जो मोडील त्याला ही शिवी. या दगडांना गधेगळ म्हणतात. दगड न वाचता कळावा, अशीच सोय. दान मोडणार पुरुष, आणि विटंबना त्याच्या आईची, हा अन्याय त्या दगडावर उघड दिसतो. तो झाकायचे कारण नाही.

त्याच काळात दुसरीकडे एक वेगळा सूरही ऐकू येतो. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा, मराठी लेख आहे. त्याच्या शेवटी म्हटले आहे, की हा लेख जो वाचील तो विजयी होईल. न वाचणाऱ्याला शिवीचे भय आणि वाचणाऱ्याला विजयाचा आशीर्वाद! कोरणाऱ्याला तेव्हाच कळले होते म्हणायचे.

कारण शब्द माणसापासून सुटला खरा, पण तो गेला कुणाच्या हाती? ज्याला वाचता येते त्याच्या. जिथे वाचणारा गावात एकच, तिथे तो सांगेल तेच लिहिलेले. हे प्राचीन काळापुरते राहिले नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. पुढे गावोगाव हेच झाले. त्यांना हवे होते ते पैसे नव्हेत, रोखे हवे होते. कर्जाची खतपत्रे हिसकावून त्यांनी जाळली. आपण अंगठा उठवला त्या कागदात काय लिहिले आहे, हे ज्यांना कधी कळले नव्हते, त्यांनी तो कागदच आगीत घातला. नंतर १८७९मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला आणि असे दस्त नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची तरतूद झाली. ऋषभदत्ताच्या निगमसभेत वाचून दाखवायची जी रीत होती, तिच्या जवळपास आपण अठराशे वर्षांनी परत आलो.

आणि कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद केली. पुढच्याच वर्षी, १९१८मध्ये, वंशपरंपरेचे कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. ही दोन कामे लागोपाठची आहेत, आणि मला ती एकाच कामाच्या दोन बाजू वाटतात. गावचे दप्तर एका घराण्याच्या हाती असायचे नाही, आणि ते दप्तर वाचता येणारी पोरे घराघरांत असायची. कुलकर्ण्यांच्या दप्तरांनी गावचा इतिहास जपला, हेही न्यायाने म्हटले पाहिजे; ती मोडी कागदपत्रे नसती तर शेतसारा, वतने, दुष्काळ यांचे आपल्याला आज फारसे काही कळले नसते. पण जपणारा आणि वाचणारा एकच राहिला की काय होते, ते सुप्याने दाखवले होते.

शिक्षक बंधुभगिनींना दोन गोष्टी सुचवतो. मुलांना घेऊन कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधले वस्तुसंग्रहालय पाहायला गेलात, तर ब्रह्मपुरीच्या वस्तूंसमोर थोडा वेळ थांबा. पाटीवर ब्राह्मीतला 'क' लिहून दाखवा. नुसती अधिकाची खूण, पोरे पटकन गिरवतात. दुसरे म्हणजे, तुमच्या गावच्या शिवारात, देवळामागे, ओढ्याच्या काठी चंद्रसूर्य कोरलेला जुना दगड असेल, तर त्याला शेंदूर फासू देऊ नका, चुना लावू देऊ नका, आणि बांधाच्या पायात घालू देऊ नका. झिजलेली अक्षरे भर दुपारी दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, ऊन तिरपे पडते तेव्हा जा. वहीत जागा, दिशा आणि दिसेल तेवढे चित्र उतरवून घ्या आणि वस्तुसंग्रहालयाला कळवा. दगड मात्र जागचा हलवू नका. तो ज्या बांधावर उभा आहे, तो बांध कुणाचा, हेच बहुधा त्याच्यावर लिहिलेले असते.